नाही म्हणण्याची सोय

गेल्या श्रावणात माझ्या नावाने एक लांबट लिफाफा आला. दिवाळी अंकांच्या संपादकांखेरीज मला कोणी पत्र पाठवीत नाही, आणि तेही हल्ली फोनवरच भागवतात. तेव्हा लिफाफा पाहून घरातली सगळी मंडळी भोवती जमली. आत आमच्या गावाजवळच्या एका वैद्यकीय महाविद्यालयाचे पत्र होते. त्यांच्या एथिक्स कमिटीवर 'सामान्य व्यक्ती' म्हणून मला घ्यावे असा विचार असून माझी हरकत नसल्यास तसे कळवावे, असा मजकूर होता. मंडळींनी पत्र दोनदा वाचून घेतले. "बरे झाले हो," आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "इतकी वर्षे आपण कोणी असामान्य आहोत अशा समजुतीत होता. आता शिक्क्यानिशी निकाल लागला."

मी शाळेत मुलांना चित्रकला शिकवतो आणि सुट्टीत कादंबऱ्या लिहितो. शिक्षण म्हणाल तर दहावी. माझे वडील तिला शेवटपर्यंत मॅट्रिकच म्हणत, म्हणून मीही मॅट्रिकच म्हणतो. त्यावर चित्रकलाशिक्षकाची पदविका तेवढी. अशा माणसाचे डॉक्टरांच्या सभेत काय काम, हा प्रश्न मलाही पडला. पण चौकशी करता कळले की, नियमच तसा आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१७ साली जी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, त्यांप्रमाणे अशा समितीत सात ते पंधरा सभासद असावयाचे. अध्यक्ष त्या संस्थेबाहेरचा असावयाचा. डॉक्टर तर हवेतच, पण एक कायदा जाणणारा हवा, एक समाजशास्त्र जाणणारा हवा, आणि एक कोणी यांतले काहीच न जाणणारा, पण लिहितावाचता येणारा हवा. या शेवटच्या जागेसाठी माझ्याइतका लायक मनुष्य पंचक्रोशीत मिळाला नसता.

पहिल्या सभेत पंधरावीस फायली होत्या. औषधांच्या फायलींवर दोन तास काथ्याकूट झाला. मग वडे आले, चहा आला, आणि उरलेल्या विद्यार्थ्यांच्या फायली भराभर पुढे सरकू लागल्या. त्यांत वाचादोषांचा अभ्यास करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रबंध होता. एका शाळेतील तोतरे बोलणारी दहा मुले आणि सरळ बोलणारी दहा मुले घ्यावयाची, त्यांच्याकडून एक उतारा मोठ्याने वाचून घ्यावयाचा आणि ते वाचन ध्वनिमुद्रित करावयाचे. संमतीच्या रकान्यात लिहिले होते, 'मुख्याध्यापकांची परवानगी घेतली आहे.' "मुलांकडून चार ओळी वाचून घ्यायच्या, त्यात कसले एथिक्स?" असे कोणीतरी म्हणाले. मीही मान डोलावली. शाळेत परवानगी मुख्याध्यापकांचीच घ्यायची असते, हे मला वीस वर्षांच्या नोकरीने शिकवले होते.

तेव्हा पलीकडे बसलेल्या एक वयस्क डॉक्टरीणबाई चष्मा काढीत म्हणाल्या, "आयोवाची हकीकत कोणी वाचली आहे का?" कोणी उत्तर दिले नाही. बाई माझ्याकडे वळल्या. "सर, तुम्ही शिक्षक आहात. वाचून या. ही फाईल पुढच्या सभेला घेऊ."

(समितीतले बाहेर बोलायचे नाही अशी सही आम्ही करून दिलेली असते. म्हणून येथे काही तपशील बदलले आहेत, आणि त्या विद्यार्थिनीला हा मजकूर आधी वाचून दाखवून तिची परवानगी घेतली आहे. तिने दोन वाक्ये खोडायला लावली, ती खोडली.)

मी ती हकीकत वाचली त्याला बाईंच्या आज्ञेखेरीज दुसरेही कारण होते. लहानपणी मी तोतरा होतो. 'क' आला की माझी गाडी अडे. आजी मधात वेखंड उगाळून जिभेला लावी. शेजारचे एक गृहस्थ मला मुद्दाम 'काकाकाका' अशी हाक मारीत. पुढे केव्हा कोण जाणे, ते आपोआप गेले. मात्र आजही हजेरी घेताना 'क'ने सुरू होणारे नाव आले की मी आधी एक श्वास घेतो. तेव्हा रात्री शब्दकोश उशाशी ठेवून मी ते इंग्रजी कागद वाचू लागलो, ते काही निव्वळ कर्तव्यबुद्धीने नव्हे.

अमेरिकेत आयोवा नावाचे मक्याचे कोठार असलेले राज्य आहे. तेथे मिसिसिपी नदीच्या काठी डेव्हनपोर्ट हे गाव. तेथल्या यादवी युद्धात पडलेल्या सैनिकांच्या मुलांसाठी या गावात एक अनाथालय निघाले होते. सैनिकांची मुले केव्हाच मोठी होऊन गेली; १९३० नंतरच्या मंदीत तेथे आईबाप नसलेली मुले होती, तशीच आईबाप असून त्यांना पोसणे झेपत नाही म्हणून आणून सोडलेलीही होती. जवळच्या आयोवा सिटी येथील विद्यापीठाला हे अनाथालय म्हणजे घरची विहीर होती. मुलांवर काही अभ्यास करावयाचा झाला की डेव्हनपोर्टला जावे, तेथे शेकड्यांनी मुले एकाच छताखाली मिळत आणि विचारायला आईबाप येत नसत.

त्या विद्यापीठात वेंडेल जॉन्सन नावाचे प्राध्यापक होते. जन्म १९०६, कॅन्सस राज्यातील शेतकऱ्याचा मुलगा. पाचसहा वर्षांचा असताना त्याच्या शिक्षकाने घरी कळवले की, हा मुलगा अडखळू लागला आहे. त्या दिवसापासून घरची माणसे त्याच्या बोलण्याकडे कान लावून बसली, आणि मुलगा असा काही तोतरा झाला की पुढे साऱ्या आयुष्याचा तोच एक विषय होऊन बसला. (हे वाचताना मला आमच्या शिक्षकांच्या खोलीत आम्ही पालकांना पाठवतो त्या चिठ्ठ्या आठवल्या.) वाणीदोषांचा शास्त्रीय अभ्यास आयोवात होतो असे ऐकून तरुण जॉन्सन तेथे शिकायला गेले. त्या वेळी प्रचलित मत असे होते की, तोतरेपणाचे मूळ मेंदूच्या दोन भागांतील चढाओढीत आणि डाव्याउजव्या हाताच्या सवयीत आहे. जॉन्सनांनी स्वतःवर हरतऱ्हेचे प्रयोग करून घेतले. विजेच्या तारा लावून घेतल्या, संमोहनाखाली बसले. स्वतःच्या देहाची प्रयोगशाळा करणाऱ्या माणसाबद्दल आपल्याला आदर वाटतो आणि तो वाटावाही. पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी: त्या खुर्चीवरून कोणत्याही क्षणी उठून जायला ते मोकळे होते.

या सगळ्या प्रयोगांतून त्यांचे मन एका उलट्याच निष्कर्षाकडे वळले. लहान मुले बोलायला शिकताना सगळीच अडखळतात. एखादा धास्तावलेला बाप किंवा एखादा दक्ष मास्तर त्या अडखळण्याला 'तोतरेपणा' हे नाव देतो, मूल घाबरते, जपून बोलू लागते आणि त्या जपण्यातूनच खरा तोतरेपणा येतो. दोष मुलाच्या जिभेत नसून ऐकणाऱ्याच्या कानात आहे, असे हे मत. ते पुढे फार गाजले. कल्पना मोठी माणुसकीची आहे, हे कोणीही मान्य करील. तिची परीक्षा मात्र करावयाची कशी? त्याला उपाय एकच. सरळ बोलणाऱ्या मुलाला तू तोतरा आहेस असे सांगावयाचे आणि तो तोतरा होतो का ते पाहावयाचे.

१९३८ साली जॉन्सनांनी हे काम आपल्या एका विद्यार्थिनीला प्रबंधासाठी दिले. तिचे नाव मेरी ट्यूडर. विशी नुकतीच ओलांडलेली, हुशार, मायाळू, आणि पदवी मिळवायला उत्सुक. १९३९च्या जानेवारीत ती डेव्हनपोर्टला गेली. अनाथालयात तेव्हा दोनशे छप्पन मुले होती, त्यांतली बावीस निवडण्यात आली. दहा आधीच तोतरी म्हणून ओळखली जाणारी आणि बारा सरळ बोलणारी. वये पाचापासून पंधरापर्यंत. तोतऱ्यांपैकी निम्म्यांना सांगावयाचे की तुमचे बोलणे ठीक आहे, निम्म्यांना सांगावयाचे की लोक म्हणतात ते खरेच आहे. सरळ बोलणाऱ्यांपैकी सहा जणांची स्तुती करावयाची. आणि उरलेल्या सहा जणांना सांगावयाचे की, तुमच्यात तोतरेपणाची लक्षणे दिसू लागली आहेत, आत्ताच आवर घाला, मन घट्ट करा, नीट बोलता येणार नसेल तर बोलूच नका.

मुलांना वाटले, या बाई आपले बोलणे सुधारायला आल्या आहेत. अनाथालयातील दायांना आणि शिक्षिकांनाही तसेच सांगितले गेले. त्या मुलांच्या बोलण्यावर लक्ष ठेवा, चुकले की टोका, अशी सूचनाही त्यांना मिळाली. त्या बिचाऱ्या मनापासून टोकू लागल्या.

जानेवारीपासून मेअखेरपर्यंत मेरी ट्यूडरच्या फेऱ्या चालू होत्या, आणि प्रत्येक फेरीत तिने काय पाहिले ते तिने प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे. पाच वर्षांची एक चिमुरडी महिन्यापूर्वी मोकळेपणी बोलत होती, ती आता बोलेनाशी झाली. पंधरा वर्षांची एक मुलगी बोलता बोलता चुटक्या वाजवू लागली. का म्हणून विचारता म्हणाली, पुढचा शब्द येईल की नाही याची भीती वाटते. बारा वर्षांच्या एकीला ट्यूडरने विचारले, तुझ्या जिवलग मैत्रिणीला तुझ्या तोतरेपणाची गोष्ट माहीत आहे का? नाही, म्हणाली. का नाही? तर मी तिच्याशी फारसे बोलतच नाही.

येथे मी शब्दकोश मिटला. 'क'च्या भीतीने मी एका मित्राशी तीन महिने बोललो नव्हतो, कारण त्याचे नाव केशव होते.

प्रयोग संपला. त्या सहा जणांना खरे काय ते सांगण्याची व्यवस्था प्रयोगाच्या आराखड्यात नव्हती. पण मेरी ट्यूडरला चैन पडेना. ती त्यानंतर तीनदा आपणहून डेव्हनपोर्टला गेली आणि मुलांना समजावीत राहिली की तुमचे बोलणे उत्तम आहे. तिने जॉन्सनांना लिहूनही कळवले की, कालांतराने मुले सावरतील असे वाटते, परंतु आपण त्यांच्यावर काही ठसा उमटवला आहे एवढे निश्चित. प्रबंध मंजूर झाला, पदवी मिळाली, बांधलेली प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेली. विभागातल्या बरोबरीच्या विद्यार्थ्यांनी या अभ्यासाला आपापसांत 'राक्षसी प्रयोग' असे नाव ठेवले होते. म्हणजे खटकले नव्हते असे नाही. पण ते खटकणे नेऊन ठेवायला जागा नव्हती. टीका करायला कॉफीचे टेबल होते, प्रयोग थांबवायला कोणतेही टेबल नव्हते.

त्याच अनाथालयातली दुसरी एक हकीकत येथे सांगितली पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. त्याच विद्यापीठाचे हॅरल्ड स्कील्स यांनी १९३०च्या दशकात डेव्हनपोर्टची तेरा तान्ही मुले, जी मंदबुद्धीची म्हणून कोणी दत्तक घेत नव्हते, ती मतिमंद स्त्रियांच्या वसतिगृहात पाठवून दिली. त्या बायकांनी आणि तेथल्या सेविकांनी मुलांना इतके खेळवले, कडेवर घेतले, की पोरे हुशार झाली. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ते तेराही जण आपल्या पायांवर उभे असलेले सापडले. अनाथालयातच राहिलेल्या, तुलनेसाठी घेतलेल्या बारा जणांची कथा मात्र तशी नव्हती. त्यांतले काही तोवर संस्थांतच होते. तेरांना कोणी विचारले नव्हते, बारांनाही नाही. एकांना नशिबाने हात दिला. हा प्रयोग वाचून डोळ्यांत पाणी येते, पण त्या बारांकडे पाहू लागलो की ते पाणी कशाचे हे सांगता येत नाही.

युद्धानंतर न्यूरेम्बर्गला नाझी डॉक्टरांवर खटला चालला आणि १९४७च्या निकालपत्रात दहा तत्त्वे नमूद झाली. त्यांतले पहिले असे की, ज्याच्यावर प्रयोग करावयाचा त्याची स्वखुशीची संमती असल्यावाचून प्रयोग होऊच नये. अशा दिवसांत अनाथ मुलांवरील प्रयोगाची वाच्यता कोण करणार? जॉन्सनांनी तो कधी छापला नाही. ते थोर ठरले, अनेक तोतऱ्या माणसांना त्यांनी उभारी दिली, १९६५ साली वारले, आणि विद्यापीठाने वाचा-श्रवण केंद्राला त्यांचे नाव दिले. प्रबंधाची प्रत फळीवर धूळ खात होती.

२००१ साली कॅलिफोर्नियातील एका वृत्तपत्राने ती बाहेर काढली. तोवर त्या मुलांपैकी जी हयात होती ती सत्तरीच्या घरात पोहोचली होती, आणि आपल्यावर प्रयोग झाला होता हे त्यांना बातमीदाराकडून प्रथम कळले. साठ वर्षे त्यांना वाटत होते की दोष आपलाच. विद्यापीठाने जाहीर क्षमा मागितली. बारा वर्षांची होती त्या मुलीने, आता म्हातारी झालेल्या मेरी ट्यूडरला पत्र लिहिले. तुमचा प्रेमळ चेहरा मला आठवतो, अशा आशयाचे त्यात एक वाक्य होते आणि पुढे आयुष्य नासल्याचा आरोप होता. म्हाताऱ्या ट्यूडरबाईंनी बातमीदाराला सांगितले की, ते काम त्यांना तेव्हाही आवडत नव्हते. पण त्या काळी विद्यार्थ्याने सांगितले तेवढे करायचे असे. २००७ साली आयोवा राज्याने सहा जणांच्या दाव्यात नऊ लाख पंचवीस हजार डॉलर दिले. त्या सहांतले तिघेच तेव्हा जिवंत होते, बाकीच्यांच्या वारसांना ते मिळाले.

मौज अशी की, ज्या बातमीदाराने हे उजेडात आणले त्याने त्या मुलांची गोपनीय नावे सरकारी दप्तरातून मिळवली ती 'मी विद्यार्थी आहे, अभ्यास करतो आहे' असे सांगून. तो खरोखरच तेव्हा एका विद्यापीठात नाव घालून होता. पुढे ते उघड झाले आणि त्याला वृत्तपत्र सोडावे लागले. म्हणजे त्या मुलांच्या दारात दोन वेळा माणूस आला, आणि दोन्ही वेळा विद्यार्थी म्हणूनच आला.

आणखी एक गोष्ट. २००२ साली या विषयातल्या दोन तज्ज्ञांनी ट्यूडरचे सारे आकडे पुन्हा तपासले. त्यांच्या मते त्या सहा मुलांपैकी कोणी खऱ्या अर्थाने तोतरे झाले, असे त्या आकड्यांवरून सिद्ध होत नाही. मुले बुजली, गप्प झाली. पण तोतरेपणा आला नाही. तेव्हा ज्या मतासाठी हा खटाटोप झाला त्याला पुरावाही मिळाला नाही. आणि त्याच मताच्या जोरावर पुढे कित्येक वर्षे तोतऱ्या मुलांच्या आयांना ऐकावे लागले की, तुझ्या टोकण्याने पोर असे झाले.

यानंतर मला माझी गोष्ट सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी एक छात्राध्यापक आमच्या शाळेत पाठ घ्यायला आला होता. त्याला लहानसा संशोधन-प्रकल्प करावयाचा होता, आणि मी त्याला माझा तास दिला. चित्रकलेचा तास सगळ्यांना देण्यासाठीच असतो, अशी शाळांतून समजूत आहे, माझीही होती. त्याने प्रश्नावली वाटली. घरी वेगळी अभ्यासाची खोली आहे का, वडील काय करतात, घरात कोणी दारू पिते का. वर नाव लिहायचे होते. मी मागच्या बाकावर चित्रांच्या वह्या तपासत बसलो होतो. एक मुलगा काही लिहीना. छात्राध्यापकाने माझ्याकडे पाहिले आणि मी जागेवरूनच म्हणालो, "लिही रे, सगळे लिहिताहेत ना?" त्याने लिहिले. शेजारच्याने ते वाचले. पुढचे सांगत नाही. त्या मुलाने दुसऱ्या सहामाहीत शाळा बदलली. त्याची इतर कारणेही असतील. मी दुष्ट नव्हतो, छात्राध्यापकही नव्हता. पण त्या मुलाला 'नाही' म्हणायचे होते आणि ज्याला ते म्हणायचे तोच त्याच्या चित्रकलेचे गुण देणार होता.

हे नियम नेमके याच जागी लागतात. अमेरिकेत १९७२ साली अलाबामातील टस्कीगीची बातमी फुटली. उपदंश झालेल्या ३९९ कृष्णवर्णीयांना, पेनिसिलिनचा गुण सर्वमान्य झाल्यावरही, केवळ रोग कसा वाढतो हे पाहण्यासाठी उपचारावाचून ठेवले होते. १९३२पासून चाळीस वर्षे. त्यानंतर १९७४ साली कायदा झाला, १९७९ साली बेल्मॉन्ट अहवाल आला, आणि माणसावरील संशोधन सुरू होण्यापूर्वी, नंतर नव्हे, त्रयस्थांच्या मंडळाने ते तपासावे अशी पद्धत पक्की झाली. मुलांसाठी १९८३ साली वेगळी कलमे आली. विद्यार्थ्याच्या वर्गातल्या सरावाला हे सगळे लागू आहे का, यावर तेथे अजून खल चालतो. संशोधन म्हणजे ज्यातून सर्वांना उपयोगी पडेल असे ज्ञान निघावे अशी पद्धतशीर चौकशी, अशी कायद्याची व्याख्या आहे. तेव्हा केवळ शिकण्यासाठी केलेला सराव पुष्कळ ठिकाणी मंडळापुढे जात नाही, प्रबंध मात्र जातो. शिक्षक स्वतःच्या विद्यार्थ्यांवर अभ्यास करणार असेल तर कोणी होकार दिला आणि कोणी नाही, हे गुण जाहीर होईपर्यंत त्याला कळू नये, अशीही व्यवस्था कित्येक विद्यापीठांत करतात. हे कलम ज्याने काढले तो कधीतरी मागच्या बाकावर बसलेला असला पाहिजे.

सराव आणि संशोधन यांतली रेघ किती पुसट, हे त्याच आयोवाने दाखवले. मार्टिन ल्यूथर किंगचा खून झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, १९६८च्या एप्रिलात, रायसव्हिल गावच्या शिक्षिका जेन एलियट यांनी आपल्या तिसरीच्या मुलांना डोळ्यांच्या रंगावरून उच्च आणि नीच ठरवले. तो धडा होता, प्रबंध नव्हता. तो जगभर वाखाणला गेला आणि त्याची निंदाही तितकीच झाली. त्याला कोणतेही मंडळ लागले नसते.

आपल्याकडेही फार दूर जायला नको. २००९ साली आंध्रच्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत बडोद्याकडे शाळकरी मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्ध लस देण्याचा एक अभ्यास झाला. लस वाईट होती असे मी म्हणत नाही. ती जगात लाखोंना उपकारक ठरली आहे. परंतु आदिवासी मुलींच्या आश्रमशाळांत आईबापांच्या ऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी संमतीपत्रांवर सह्या केल्या, आणि २०१३ साली संसदेच्या समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. अधीक्षकांना त्यात वावगे वाटले नसेल. सहलीच्या कागदावर तेच सही करतात, आजारपणाच्या कागदावर तेच. 'मुख्याध्यापकांची परवानगी घेतली आहे' हे वाक्य मी मान डोलावून मंजूर केले होते, त्याची ही भावंडे.

(कादंबरीकाराने हे सगळे किती तोऱ्यात लिहावे, हाही प्रश्नच आहे. माझ्या दुसऱ्या कादंबरीतील विधवा आत्या आमच्या आळीत कोणालाही ओळखू येते. तिने मला काही विचारले नाही, मीही तिला विचारले नव्हते. आमच्या धंद्याला अजून कमिटी नाही.)

पुढच्या सभेला फाईल पुन्हा आली. या वेळी विद्यार्थिनीलाच बोलावले होते. मुलगी घाबरली होती; समोर दहा मोठी माणसे. मला काय विचारावे सुचेना, म्हणून जे मनात होते तेच विचारले, "बाळ, एखादे पोर नको म्हणाले तर?"

"नको कसे म्हणेल, सर? चारच ओळी आहेत," ती म्हणाली, आणि मग स्वतःच थांबली. थोड्या वेळाने म्हणाली, "त्यांना म्हणताच येणार नाही, नाही का? तोतऱ्या मुलांना वर्गातून वेगळे काढणार, म्हणजे सगळ्यांना कळणार."

यावर एक तास चर्चा झाली, आणि त्या तासात माझे शिक्षण मॅट्रिकच्या थोडे पुढे गेले असे मला वाटते. ठरले ते असे. मुख्याध्यापकांची परवानगी ही फाटकातून आत येण्यापुरती. आईबापांची लेखी संमती घरोघर जाऊन घ्यायची. बारा वर्षांच्या आतील मुलाला तोंडी विचारायचे, बारा पुरी झालेल्यांचा होकार लेखी घ्यायचा. आणि आईबाप हो म्हणाले तरी मूल नको म्हणाले तर नको. तोतरी आणि सरळ बोलणारी मुले मिसळून एकामागून एक बोलवायची, कोण कोणत्या गटात हे मुलांना कळू द्यायचे नाही. वर्गशिक्षकाने खोलीत थांबायचे नाही. आणि ज्या मुलाला बोलायचीच भीती, त्याला 'थांबा' हेही बोलून सांगावे लागू नये. त्याची सोय चित्रकलेच्या मास्तरांनी करावी.

मी वीस पत्ते रंगवून दिले. एका बाजूला मोर, दुसऱ्या बाजूला उभा पंजा. मोर वर असेपर्यंत वाचायचे. पत्ता उलटला की थांबायचे, कारण विचारायचे नाही. डॉक्टरीणबाईंनी पत्ता हातात घेऊन दोनदा उलटासुलटा करून पाहिला आणि फायलीवर सही केली.

नवरात्राच्या सुट्टीआधी ती मुलगी शाळेत जाऊन आली. तिने मला फोन केला. वीसपैकी सतरा घरांतून संमती आली. सतरांपैकी चौघांनी पत्ता उलटला. तिघांनी मध्येच, आणि चौथीतल्या एका मुलीने पहिला शब्द वाचण्याआधीच. तिने पत्ता उलटला, बाईंकडे पाहिले, बाई काही बोलत नाहीत असे बघून पुन्हा मोर वर केला, पुन्हा पंजा वर केला, असे चारपाच वेळा केले, आणि पत्ता बरोबर घेऊन मैदानावर पळाली.

"सर, तुमचा एक पत्ता गेला," ती म्हणाली. "आणि प्रबंधात आता सतराच्या जागी तेराच लिहावे लागणार. चालेल ना?"